शाखांतील जावा क्लायंट आणि मुख्यालयाचा सर्व्हर: म्युच्युअल टीएलएसची उभारणी

तुमच्या प्रश्नाचा गाभा थोडक्यात असा आहे. एका पतसंस्थेच्या शाखांमधील विंडोज संगणकांवर तुमचे जावात लिहिलेले ॲप्लिकेशन चालते, ते मुख्यालयाच्या सर्व्हरशी एचटीटीपीएसने बोलते, त्या सर्व्हरच्या पुढे विनंत्या स्वीकारून आत पाठवणारा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आहे आणि आता लेखापरीक्षकांनी ‘दोन्ही बाजूंनी प्रमाणपत्राधारित एन्क्रिप्शन’ असावे अशी अट घातली आहे. प्रमाणपत्रे कोणाकडून घ्यावीत, कोणती फाइल कुठे ठेवावी आणि हँडशेक, म्हणजे जोडणीच्या सुरुवातीची ओळखीची देवाणघेवाण, पूर्ण झालेला दिसत असूनही सर्व्हर ४०० (विनंती सदोष) हे उत्तर का देतो, असे तुम्ही विचारले आहे. काही शाखांत अजून जावा ८ आहे, हेही तुम्ही कळवले आहे.

आधी लेखापरीक्षकांच्या शब्दांकडे पाहू, कारण पुढची सगळी रचना त्यांच्या अर्थावर ठरते. एन्क्रिप्शन तुमच्याकडे आजही दोन्ही दिशांनी आहे. आजच्या साध्या एचटीटीपीएस जोडणीत दोन्ही बाजू डिफी-हेलमन पद्धतीने एक सामाईक गुपित ठरवतात आणि जाणारा-येणारा मजकूर त्यातूनच झाकला जातो. क्लायंटचे प्रमाणपत्र त्या गुपितात कोणतीही भर घालत नाही. म्युच्युअल टीएलएसमध्ये (टीएलएस हा एचटीटीपीएसमागचा सुरक्षा-प्रोटोकॉल; म्युच्युअल म्हणजे दोन्ही बाजूंनी प्रमाणपत्र) वाढते ती ओळख. सर्व्हर हँडशेकमध्ये प्रमाणपत्राची मागणी करतो, क्लायंट आपले प्रमाणपत्र पाठवतो आणि तोपर्यंत झालेल्या संपूर्ण हँडशेकवर आपल्या प्रायव्हेट कीने (प्रमाणपत्राच्या जोडीच्या गुप्त किल्लीने) सही करून, ती की खरोखर आपल्याच हाती आहे, हे सिद्ध करतो. त्यामुळे समोर कोण आहे हे पासवर्ड विचारण्याआधीच सर्व्हरला कळते. हे काम करताना बहुतेकांचा वेळ एनजिनएक्सच्या चार ओळी जुळवण्यात जातो. माझ्या मते तो वेळ प्रमाणपत्र कोण देणार, प्रायव्हेट की कुठे जन्मणार आणि मुदत संपताना काय होणार, या तीन गोष्टींवर खर्च झाला पाहिजे. ओळख जिथे बिघडते त्या जागा याच आहेत.

क्लायंटची प्रमाणपत्रे सार्वजनिक प्रमाणन संस्थेकडून घेऊ नका. एनजिनएक्सला तुम्ही जे मूळ (रूट) प्रमाणपत्र, म्हणजे विश्वासाचा आरंभबिंदू, देता, त्या मुळाखाली ज्याला ज्याला क्लायंट प्रमाणपत्र मिळू शकते तो प्रत्येक जण तुमच्या दारातून आत येऊ शकतो. सार्वजनिक संस्थेचे मूळ तिथे ठेवले, तर जगातला कोणीही ग्राहक प्राथमिक पडताळणी पार करतो आणि पुढे नावाची तपासणी चुकली की सगळेच उघडे पडते. शिवाय हा मार्ग आता बंदच होतो आहे. गुगलच्या क्रोम ब्राउझरच्या रूट धोरणामुळे सार्वजनिक संस्थांना आपल्या वेब प्रमाणपत्रांतून ‘क्लायंट पडताळणी’ हा उद्देश काढून टाकावा लागतो आहे; मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने २०२५ मध्येच जाहीर केले की २०२६ पासून त्यांच्या प्रमाणपत्रांत तो उद्देश राहणार नाही. प्राप्तिकर विवरणपत्रे किंवा ई-निविदा यांच्यासाठी वापरली जाणारी यूएसबी टोकनमधली डिजिटल सही वापरता येईल का, असेही काही जण विचारतात. ती सही माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये एका व्यक्तीची कायदेशीर सही आहे. व्यवस्थापकांचे टोकन दिवसभर काउंटरच्या संगणकाला लावून ठेवणे हा मोठाच धोका आहे, म्हणून तो विचार सोडून द्यावा.

तेव्हा स्वतःची खासगी प्रमाणन व्यवस्था उभारावी लागेल. त्यात वर एक मूळ प्रमाणपत्र, त्याखाली एक मधले प्रमाणपत्र आणि त्याखाली सर्व्हर व क्लायंट यांची टोकाची प्रमाणपत्रे, अशी तीन पायऱ्यांची साखळी ठेवा. मुळाची प्रायव्हेट की नेटवर्कला न जोडलेल्या यंत्रावर किंवा एन्क्रिप्ट केलेल्या माध्यमात, दोन जबाबदार व्यक्तींच्या ताब्यात असावी आणि ती फक्त मधल्या प्रमाणपत्रावर व रद्द-यादीवर (रद्द केलेल्या प्रमाणपत्रांच्या यादीवर) सही करण्यापुरती बाहेर निघावी. रोजच्या सह्या मधल्या प्रमाणपत्राने होतील. त्यावर पुढील साखळीच्या लांबीची मर्यादा शून्य घाला, म्हणजे ते आपल्याखाली आणखी एखादी प्रमाणन संस्था निर्माण करू शकणार नाही. साधन म्हणून नुसते ओपनएसएसएल चालते, पण शाखा पन्नासच्या वर असतील तर स्मॉलस्टेपचे स्टेप-सीए किंवा हॅशिकॉर्प व्हॉल्टमधील पीकेआय (प्रमाणपत्र-व्यवस्था) विभाग वापरा. हाताने सह्या करणारा माणूस रजेवर गेला की मुदती उलटू लागतात.

प्रत्येक टोकाच्या प्रमाणपत्रावर त्याचा विस्तारित वापर स्पष्ट लिहिलेला असला पाहिजे: सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर सर्व्हर पडताळणी आणि शाखेच्या प्रमाणपत्रावर फक्त क्लायंट पडताळणी. दोन्ही उद्देश एकाच प्रमाणपत्रावर घातले, तर एखाद्या शाखेची की चोरणारा स्वतःच सर्व्हर असल्याचे सोंग घेण्याच्या एक पाऊल जवळ जातो. सर्व्हरचे नाव पर्यायी नावांच्या विस्तारात असलेच पाहिजे, कारण विषयातील कॉमन नेमकडे आजची बहुतेक सॉफ्टवेअरे पाहतच नाहीत. इथे ओपनएसएसएल वापरणाऱ्यांना नेमका एक अडथळा येतो. मागणीपत्रात, म्हणजे सीएसआरमध्ये, पर्यायी नाव व्यवस्थित असते, पण त्यावर सही करणारी एक्स५०९ आज्ञा मागणीपत्रातील विस्तार आपोआप उचलत नाही आणि तयार प्रमाणपत्र त्या नावाशिवायच बाहेर पडते. विस्तारांची वेगळी फाइल सही करताना द्यावी. सगळे विस्तार आंधळेपणाने उचलायला सांगणे त्याहून वाईट, कारण मागणी करणारा त्यात स्वतःला प्रमाणन संस्था म्हणवून घेऊ शकतो. सही झाल्यावर प्रमाणपत्र मजकूररूपात उघडून एकदा डोळ्यांखालून घालण्याची सवय लावून घ्या.

सर्व्हरचे प्रमाणपत्र कोणाचे असावे, हा प्रश्न वेगळा आहे. त्याच पत्त्यावर लोक ब्राउझरनेही येत असतील तर सार्वजनिक प्रमाणपत्र हवेच. पण तुमचा क्लायंट तुमच्याच ताब्यात आहे, म्हणून माझा सल्ला असा की शाखांच्या जोडणीसाठी वेगळे उपनाव (सबडोमेन) घ्या, त्याला स्वतःच्या व्यवस्थेतले प्रमाणपत्र द्या आणि क्लायंटच्या ट्रस्टस्टोअरमध्ये (विश्वासाच्या मुळांच्या फाइलमध्ये) केवळ स्वतःचे मूळ ठेवा. असे केल्यावर जगातल्या दुसऱ्या कोणत्याही संस्थेने चुकून तुमच्या नावाचे प्रमाणपत्र दिले तरी तुमचे ॲप्लिकेशन फसणार नाही. शिवाय सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० दिवस आणि २०२९ पासून ४७ दिवस अशी उतरत जाणार आहे. क्लायंटमध्ये विशिष्ट सार्वजनिक प्रमाणपत्र पक्के कोरून ठेवणाऱ्या ॲप्लिकेशनांना हा बदल फार जड जाईल.

आता प्रायव्हेट की. ती शाखेच्या संगणकावरच तयार व्हावी आणि तिथून कधीही बाहेर जाऊ नये. मुख्यालयाकडे जावे ते फक्त मागणीपत्र. ॲप्लिकेशन पहिल्यांदा सुरू होताना पी-२५६ या एलिप्टिक वक्राची की तयार करते, व्यवस्थापकाला मुख्यालयातून फोनवर मिळालेला एकदाच चालणारा संकेतांक विचारते आणि मागणीपत्र नोंदणी सेवेकडे पाठवते, ही रीत चांगली चालते. प्रमाणपत्रावरचे नाव मात्र मागणीपत्रातून उचलू नका. संकेतांक ज्या शाखेला व ज्या काउंटरला दिला होता, ते नाव नोंदणी सेवेनेच घालावे. असे केले नाही, तर एका शाखेचा संगणक दुसऱ्या शाखेचे नाव मागून घेईल आणि तुम्ही त्यावर सहीही कराल. सर्व शाखांसाठी एकच पीकेसीएस १२ फाइल (की आणि प्रमाणपत्र एकत्र ठेवणारी) बनवून ती इन्स्टॉलरमध्ये टाकण्याचा मोह अनेकांना होतो, कारण त्यामुळे अर्ध्या दिवसात काम उरकते. जार फाइल (जावा ॲप्लिकेशनचे पॅकेज) कोणीही उघडू शकतो आणि पासवर्ड कोडमध्येच असतो. अशा व्यवस्थेत एक संगणक चोरीला गेला तर एकतर सगळ्या शाखा बंद कराव्या लागतात किंवा चोराला आत येऊ द्यावे लागते. म्हणून प्रत्येक यंत्राला स्वतंत्र की आणि स्वतंत्र प्रमाणपत्र, यात तडजोड करू नये.

सर्व्हरच्या बाजूचे काम त्या मानाने थोडे आहे. एनजिनएक्सला त्याचे स्वतःचे प्रमाणपत्र मधल्या प्रमाणपत्रासह एका फाइलमध्ये द्या, टोकाचे आधी आणि मधले नंतर. ‘एसएसएल क्लायंट सर्टिफिकेट’ या निर्देशात मूळ आणि मधले अशी दोन्ही प्रमाणपत्रे असलेली फाइल द्या आणि ‘एसएसएल व्हेरिफाय क्लायंट’ चालू करा. साखळीच्या खोलीची मर्यादा मुळात १ असते. ओपनएसएसएल १.१.० पासून ती मर्यादा फक्त मधली प्रमाणपत्रे मोजते, म्हणून तुमची तीन पायऱ्यांची साखळी तीत बसते. त्याआधीच्या आवृत्तीवर मात्र २ द्यावे लागत असे आणि जुन्या मार्गदर्शिकांत तो आकडा दिसतो तो त्यामुळेच. टीएलएस १.० आणि १.१ बंद ठेवा. मार्च २०२१ मध्ये दोन्ही अधिकृतपणे कालबाह्य ठरवण्यात आले. क्लायंट पडताळणी एखाद्याच पथापुरती लावण्याचा प्रयत्न करू नका. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या टीएलएस १.३ ने मध्येच पुन्हा वाटाघाटी करण्याची सोय काढून टाकली आणि हँडशेकनंतर प्रमाणपत्र मागण्याची जी नवी सोय दिली, ती एचटीटीपी २ वर निषिद्ध आहे. म्हणूनही वेगळे उपनाव सोयीचे पडते.

तुमच्या ४०० या उत्तराचा उलगडा इथेच आहे. एनजिनएक्स क्लायंटचे प्रमाणपत्र चुकीचे असले किंवा आलेच नाही, तरी हँडशेक तोडत नाही. तो हँडशेक पूर्ण होऊ देतो, पडताळणीचा निकाल मनाशी नोंदवतो आणि पहिली एचटीटीपी विनंती आल्यावर ४०० देतो. म्हणून क्लायंटच्या नोंदीत सगळे सुरळीत दिसते. उत्तराच्या मजकुराकडे नीट पाहा, कारण त्यात दोन प्रकार असतात. ‘नो रिक्वायर्ड एसएसएल सर्टिफिकेट वॉज सेंट’ असे असेल तर क्लायंटने काहीच पाठवलेले नाही. एनजिनएक्स आतल्या आत याला ४९६ म्हणतो. ‘द एसएसएल सर्टिफिकेट एरर’ असे असेल तर प्रमाणपत्र आले पण साखळी, मुदत किंवा उद्देश जुळला नाही, तो ४९५. दुसऱ्या प्रकारात नेमके कारण एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये इन्फो पातळीवर मिळते, म्हणून तपास होईपर्यंत ती पातळी चालू ठेवा. एनजिनएक्सऐवजी थेट टॉमकॅट या जावा सर्व्हरवर टीएलएस उतरवणाऱ्यांना मात्र वेगळा अनुभव येतो. टीएलएस १.३ मध्ये क्लायंटच्या दृष्टीने हँडशेक आधी संपतो आणि सर्व्हर प्रमाणपत्र नंतर तपासतो, त्यामुळे नकाराचा इशारा क्लायंटला पहिल्या वाचनाच्या वेळी मिळतो आणि जोडणी मध्येच का तुटली हे कळत नाही.

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून तुमच्याकडे पहिला प्रकार घडतो आहे, म्हणजे जावा रिकामे प्रमाणपत्र पाठवते आहे. हे जावात फार वेळा होते आणि त्याची दोन कारणे ठरलेली आहेत. पहिले असे. सर्व्हर प्रमाणपत्र मागताना आपल्याला मान्य असलेल्या प्रमाणन संस्थांच्या नावांची यादी पाठवतो. जावाचा कीमॅनेजर (पाठवायचे प्रमाणपत्र निवडणारा भाग) कीस्टोअरमधील, म्हणजे की व प्रमाणपत्रांच्या फाइलमधील, प्रत्येक नोंदीची साखळी पाहतो आणि त्या साखळीतील कोणत्याही प्रमाणपत्राचा देणारा यादीत असेल तरच ती नोंद निवडतो. तुमच्या कीस्टोअरमध्ये फक्त टोकाचे प्रमाणपत्र आहे, त्याचा देणारा मधले प्रमाणपत्र आहे आणि सर्व्हरच्या यादीत फक्त मूळ आहे, असे असेल तर जुळणी होत नाही. जावा त्रुटी न देता गप्प राहून रिकामा संदेश पाठवते. पीकेसीएस १२ फाइल बनवताना मधल्या प्रमाणपत्राची फाइल जोडायची राहिली की नेमके हेच घडते. वर मी एनजिनएक्सला मूळ आणि मधले दोन्ही द्यायला सांगितले, त्यामागे हेही एक कारण आहे. पण खरी दुरुस्ती म्हणजे कीस्टोअरमध्ये पूर्ण साखळी असणे.

दुसरे कारण कीटूल या जावाच्या की-प्रमाणपत्रे हाताळणाऱ्या साधनाच्या वापरातले. की एका टोपणनावाखाली तयार केलेली असते आणि सही होऊन आलेले प्रमाणपत्र वेगळ्या टोपणनावाखाली आयात केले जाते. त्यामुळे ते प्रायव्हेट कीला न चिकटता ‘ट्रस्टेड सर्ट एंट्री’ म्हणून शेजारी पडून राहते. कीटूलने तपशीलवार यादी काढा: ‘प्रायव्हेट की एंट्री’ अशी नोंद दिसली पाहिजे आणि तिच्या साखळीची लांबी २ किंवा ३ असली पाहिजे. लांबी १ असेल तर दोष तिथेच आहे. त्यानंतर ॲप्लिकेशन ‘जावाएक्स डॉट नेट डॉट डिबग’ या गुणधर्माला एसएसएल आणि हँडशेक अशी किंमत देऊन चालवा. त्या लांबलचक नोंदीत सर्व्हरच्या सर्टिफिकेट रिक्वेस्टमधील संस्थांची नावे आधी शोधा आणि मग क्लायंटचा सर्टिफिकेट संदेश पाहा. क्लायंट पडताळणीसाठी योग्य एक्स.५०९ प्रमाणपत्र नाही, म्हणून रिकामा संदेश वापरत आहे, अशा अर्थाची ओळ तिथे सापडेल.

जावामध्ये की आणि विश्वास यांच्या फाइली वेगळ्या असतात, हे लक्षात ठेवा. कीस्टोअरमध्ये आपली की व तिची साखळी. ट्रस्टस्टोअरमध्ये ज्यांच्यावर विश्वास ठेवायचा ती मुळे. ट्रस्टस्टोअर कीटूलनेच बनवा. ओपनएसएसएलने नुसती प्रमाणपत्रे भरून बनवलेल्या पीकेसीएस १२ फाइलमध्ये जावाला हवी असलेली विश्वासाची खूण सहसा नसते, त्यामुळे फाइल भरलेली असूनही जावाला ती रिकामी दिसते आणि ‘ट्रस्ट अँकर्स पॅरामीटर मस्ट बी नॉन-एम्प्टी’ अशी त्रुटी येते. या दोन्ही फाइली जेव्हीएमच्या (जावा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) सर्वसाधारण गुणधर्मांतून देता येतात, पण मग ॲप्लिकेशनची प्रत्येक बाहेरची जोडणी, अगदी एसएमएस सेवेचीही, त्यांनाच बांधली जाते. त्याऐवजी या जोडणीपुरता स्वतंत्र एसएसएल कॉन्टेक्स्ट (जोडणीचे टीएलएस ठरवणारा जावातला घटक) बांधा. कोणत्याही प्रमाणपत्राला होकार देणारा रिकामा ट्रस्टमॅनेजर ‘सध्यापुरता’ म्हणूनही लिहू नका. तो चाचणीतून निघून प्रत्यक्ष वापरात हमखास पोहोचतो आणि मग शाखेला कोणताही भामटा सर्व्हर म्हणून चालतो. कोड उघड्या एसएसएल सॉकेटवर लिहिला असेल तर आणखी एक गोष्ट तपासा: तिथे सर्व्हरच्या नावाची तपासणी आपोआप होत नाही, ती एसएसएल पॅरामीटर्समध्ये एचटीटीपीएस ही पद्धत देऊन चालू करावी लागते. एचटीटीपी क्लायंटचे वर्ग ती स्वतः करतात.

जावाला हात लावण्यापूर्वी प्रमाणपत्रे ओपनएसएसएलच्या एस-क्लायंट साधनाने पारखून घ्या. की, प्रमाणपत्र, साखळी आणि मूळ देऊन सर्व्हरशी जोडणी करा. ‘ॲक्सेप्टेबल क्लायंट सर्टिफिकेट सीए नेम्स’ या मथळ्याखाली सर्व्हरची यादी आणि शेवटी पडताळणीचा निकाल दिसतो. इथे जमले आणि जावात जमले नाही, तर दोष कीस्टोअरमध्ये आहे. इथेही जमले नाही, तर प्रमाणपत्रात किंवा सर्व्हरवर. शोधाचे क्षेत्र एवढ्यानेच निम्मे होते.

प्रत्यक्ष शाखांत गेल्यावर दोन वेगळ्याच अडचणी भेटतील. पहिली म्हणजे काही ठिकाणचा फायरवॉल किंवा अँटीव्हायरस टीएलएस मध्येच उघडून तपासतो. तसे करणाऱ्याकडे शाखेची प्रायव्हेट की नसते, म्हणून तो क्लायंटच्या वतीने सही करू शकत नाही आणि जोडणी होणे शक्यच नसते. तुमच्या उपनावाला त्या तपासणीतून वगळणे हाच उपाय. ही अडचण म्हणजे व्यवस्था बरोबर काम करत असल्याची पावतीच आहे, हे शाखेच्या संगणक देखभालवाल्याला समजावून सांगावे लागते. दुसरी अडचण घड्याळाची. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरची बॅटरी संपली की वीज गेल्यावर तारीख अनेक वर्षे मागे जाते. मग सर्व्हरचे प्रमाणपत्र ‘अजून लागू झालेले नाही’ असे क्लायंट म्हणू लागतो. ॲप्लिकेशनने ही त्रुटी ओळखून ‘संगणकाची तारीख तपासा’ असा मराठीत संदेश दिला, तर मुख्यालयाचे बरेच फोन वाचतील. प्रमाणपत्रावरील वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात, हेही ध्यानात असू द्या. तिथे संध्याकाळी १८:३० ही वेळ दिसली, तर ती आपल्याकडची मध्यरात्र असते.

पडताळणी झाली म्हणजे परवानगी मिळाली, असे समजू नका. क्लायंटचे प्रमाणपत्र तपासताना एनजिनएक्स फक्त साखळी, मुदत आणि उद्देश पाहतो. हे प्रमाणपत्र कोणत्या शाखेचे आहे आणि तिला कोणत्या खात्यांवर हात ठेवू द्यायचा, हे तुमच्या ॲप्लिकेशनने ठरवायचे आहे. एनजिनएक्स पडताळणीचा निकाल आणि प्रमाणपत्राचे विषयनाम हेडरमधून मागच्या ॲप्लिकेशनला देऊ शकतो. ते हेडर एनजिनएक्सने प्रत्येक विनंतीवर स्वतः लिहिले पाहिजेत, म्हणजे बाहेरून आलेली त्याच नावाची बनावट किंमत पुसली जाईल. आणि मागचे ॲप्लिकेशन फक्त त्याच यंत्राच्या आतल्या पत्त्यावर ऐकत असले पाहिजे. त्याचे पोर्ट मुख्यालयाच्या नेटवर्कवर उघडे राहिले, तर कोणीही एनजिनएक्सला वळसा घालून स्वतःला हव्या त्या शाखेचे नाव हेडरमध्ये लिहू शकतो आणि सगळी प्रमाणपत्रे शोभेपुरती उरतात. लेखापरीक्षकांनी माझ्या मते सर्वांत आधी तपासावी अशी ही जागा आहे. विषयनामाची तुलनाही पूर्ण नावाशी करा, त्यातला तुकडा शोधू नका. ‘शाखा १’ हा तुकडा ‘शाखा १२’ मध्येही सापडतो.

चोरीला गेलेल्या संगणकाचे प्रमाणपत्र रद्द करण्यासाठी रद्द-यादी, म्हणजे सीआरएल, एनजिनएक्सला द्यावी लागते. एनजिनएक्स साखळीतील प्रत्येक पायरीसाठी यादी मागतो, म्हणून मधल्या प्रमाणपत्राची आणि मुळाची अशा दोन्ही याद्या एकाच फाइलमध्ये जोडाव्या लागतात. मुळाची राहिली तर एकही शाखा आत येऊ शकत नाही. यादीलाही मुदत असते. ती उलटली की सगळ्या शाखा एकाच क्षणी बाहेर फेकल्या जातात, आणि असे सहसा सुटीनंतरच्या सकाळी घडते. मुळाची यादी वर्षभराची आणि मधल्याची आठवड्याची ठेवा, मधल्याची रोज नव्याने काढा, ती बसवल्यावर एनजिनएक्सला संरचना पुन्हा वाचायला लावा आणि मुदतीला तीन दिवस उरले की इशारा मिळेल अशी व्यवस्था करा. एवढे करूनही जुनी टीएलएस सत्रे पुन्हा सुरू होताना प्रमाणपत्र नव्याने तपासले जात नाही, म्हणून सत्राची मुदत मूळच्या पाच मिनिटांपेक्षा वाढवू नका. तातडीच्या वेळी याहून जलद उपाय म्हणजे ॲप्लिकेशनच्याच डेटाबेसमध्ये त्या शाखेची परवानगी काढून घेणे. ती सोय पहिल्या दिवसापासून ठेवा.

शाखांच्या प्रमाणपत्रांची मुदत ९० दिवसांची ठेवा आणि दोन तृतीयांश काळ संपल्यावर ॲप्लिकेशनने आपण होऊन नवी की व नवे मागणीपत्र तयार करावे. जुने प्रमाणपत्र अजून वैध असल्याने नोंदणी सेवा त्याच ओळखीवर नवे देऊ शकते आणि फोनवरच्या संकेतांकाची गरज पडत नाही. नवे कीस्टोअर आधी वेगळ्या नावाने लिहून, त्याने एक चाचणी जोडणी करून मगच जुन्याच्या जागी आणा. चालू असलेला एसएसएल कॉन्टेक्स्ट फाइल बदलली म्हणून स्वतः बदलत नाही. तो आणि त्यावर बांधलेला एचटीटीपी क्लायंट नव्याने तयार करावा लागतो. हा भाग लिहायचा राहून गेल्यास ॲप्लिकेशन महिनोन्‌महिने बंद न होणाऱ्या संगणकांवर नवे प्रमाणपत्र डिस्कवर पडून असते आणि जोडणी जुन्यावरच चालू राहते. दुरुस्तीसाठी बराच काळ बाहेर गेलेल्या संगणकाचे प्रमाणपत्र संपलेले असेल, तर त्याची नोंदणी पहिल्यासारखी नव्याने करा. संपलेले प्रमाणपत्र मान्य करणारी पळवाट ठेवू नका.

सगळ्या शाखांवर एकाच दिवशी सक्ती लादू नये. सुरुवातीला एनजिनएक्समध्ये पडताळणी ‘ऑप्शनल’ ठेवा आणि ॲक्सेस लॉगमध्ये पडताळणीचा निकाल व विषयनाम लिहायला लावा. प्रमाणपत्र न पाठवणाऱ्या शाखा त्या काळात चालू राहतील. चुकीचे पाठवणाऱ्यांना मात्र या अवस्थेतही ४०० मिळेल, म्हणून आधी दोन-तीन शाखांवर पाहा. महिनाअखेर आणि मार्चअखेर टाळा. लॉगमध्ये प्रमाणपत्राशिवाय येणारा एकही संगणक उरला नाही, की सक्ती चालू करा.

राहता राहिला जावा ८ चा प्रश्न. तो अडथळा नाही. टीएलएस १.२ जावा ८ मध्ये सुरुवातीपासूनच आहे आणि म्युच्युअल टीएलएस त्यावर उत्तम चालते, टीएलएस १.३ जुलै २०२० च्या ८यू२६१ या आवृत्तीत आले, पण क्लायंटमध्ये आपोआप चालू झाले ते जुलै २०२२ च्या ८यू३४१ पासून. दोन गोष्टी मात्र पाहाव्या लागतील. ओपनएसएसएल ३ ने बनवलेल्या पीकेसीएस १२ फाइलमध्ये नव्या पद्धतीचे एन्क्रिप्शन असते आणि जावा ८ च्या जुन्या आवृत्त्यांना ती उघडता येत नाही; त्रुटीत पासवर्ड चुकीचा असल्याचा भास होतो. फाइल ‘लेगसी’ पर्यायाने बनवता येते, पण की शाखेतल्या जावानेच तयार केली तर प्रश्नच येत नाही. आणि टीएलएस १.२ मध्ये क्लायंटचे प्रमाणपत्र हँडशेकच्या वेळी उघडे जाते, ते झाकले जाते टीएलएस १.३ पासून. म्हणून प्रमाणपत्राच्या विषयनामात शाखेचा आणि काउंटरचा क्रमांक एवढेच ठेवा. कर्मचाऱ्याचे नाव, ईमेल किंवा मोबाइल क्रमांक त्यात घालू नका.